अर्ज पुढे पाठवा, एवढंच मागणं होतं : चकमा बौद्धांचे कोर्टातले खटले

आपल्या वस्त्यांमध्ये संविधानाचा विषय निघाला की आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी आणि जात पडताळणी यावर तासन्‌तास बोलणं होतं. नागरिकत्वाचा विषय निघाला की मात्र बहुतेकांना तो आपला वाटत नाही. "आपण इथलेच, मूलनिवासी, आपल्याला कोण विचारणार?" असं उत्तर मिळतं. २०१९ साली नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला, तेव्हा त्यात 'बौद्ध' हा शब्द पाहून काही तरुणांनी मला विचारलं होतं, "ताई, यात आपलं नाव आहे, मग हा आपल्या फायद्याचाच ना?" अरुणाचल प्रदेशात गेली साठ वर्षं राहणाऱ्या चकमा बौद्धांची कहाणी माहीत असती, तर हा प्रश्न त्यांनी वेगळ्या तऱ्हेने विचारला असता.

चकमांचे खटले हे सरकारी निर्णयाला कोर्टात आव्हान कसं द्यायचं याचा उत्तम धडा आहेत. कोर्टात जिंकल्यावरही काय शिल्लक राहतं, हेही त्यातून कळतं.

धरणाखाली गेलेली भातशेती

चकमा हे चितगाव डोंगरी भागातले, थेरवादी परंपरेतले बौद्ध. १९४७ साली या भागात मुस्लिमेतर लोकसंख्या ९५ टक्क्यांहून जास्त होती. आपण भारतात जाणार असं धरून रांगामाटीत १५ ऑगस्टला तिरंगाही फडकला. दोन दिवसांनी रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला आणि हा सगळा प्रदेश पाकिस्तानात गेला.

पुढे पाकिस्तान सरकारने कर्णफुली नदीवर काप्ताई येथे जलविद्युत धरण बांधलं. १९६२च्या सुमारास ते पूर्ण झालं आणि सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली. डोंगरी भागातल्या चांगल्या, नांगराखालच्या जमिनीचा हा मोठा हिस्सा होता. एक लाखाच्या आसपास लोक विस्थापित झाले, त्यात बहुसंख्य चकमा. धरणग्रस्तांचं पुनर्वसन म्हणजे काय असतं, हे महाराष्ट्रात कोयनेच्या किंवा गोसीखुर्दच्या माणसाला वेगळं सांगायला नको. इथे तर सरकारही आपलं नव्हतं. १९६४ पासून हजारो चकमा सीमा ओलांडून त्या वेळच्या आसामात आणि त्रिपुरात आले. त्यांच्यासोबत मैमनसिंग भागातून आलेले हाजोंगही होते. ते हिंदू.

आसाम सरकारने एवढ्या लोकांची सोय करणं शक्य नाही असं कळवलं. तेव्हा केंद्र सरकारने यातल्या काही कुटुंबांना 'नेफा'त म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवायचं ठरवलं. १९६४ ते १९६९ या काळात हे पुनर्वसन झालं. दर कुटुंबाला ४,२०० रुपये मदत मंजूर झाली, जमिनी दिल्या गेल्या. आज दियून, मियाओ, चौखाम, कोकिला या भागात त्यांची गावं आहेत. हे लोक रात्रीच्या अंधारात लपून आलेले नव्हते. सरकारने ट्रकमध्ये बसवून, जागा दाखवून त्यांना तिथे नेलं होतं. पुढच्या सगळ्या खटल्यांत हा मुद्दा पायाचा ठरला.

१९७२ साली भारत-बांगलादेश पंतप्रधानांच्या संयुक्त निवेदनानंतर केंद्राने या लोकांना नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नागरिकत्व द्यायचं धोरण ठरवलं आणि ते राज्याला कळवलं. अविभाजित भारतात मुळं असलेला माणूस इथे ठरावीक काळ राहिला तर नोंदणीने त्याला नागरिकत्व मिळू शकतं, अशी ती तरतूद. अरुणाचलने मात्र त्याला विरोध केला. १९८० पासून चकमांना सरकारी नोकऱ्या बंद झाल्या. १९९१ मध्ये रेशनकार्डं गेली. १९९४ मध्ये 'आपसू' या राज्यातल्या बलाढ्य विद्यार्थी संघटनेने, म्हणजे ऑल अरुणाचल प्रदेश स्टुडंट्स युनियनने, परकीय ठरवलेल्या सगळ्यांना ३० सप्टेंबर १९९५ पर्यंत राज्य सोडण्याची नोटीस दिली. विद्यार्थी संघटना माणसांना राज्य सोडायला सांगते आणि सरकार ते बघत बसतं, अशी ती परिस्थिती होती.

पहिला खटला हरला

त्याआधी एक खटला सुप्रीम कोर्टात हरला होता. खुदीराम चकमा विरुद्ध अरुणाचल प्रदेश राज्य, निकाल एप्रिल १९९३. गौतमपूर आणि मैत्रीपूर या गावांतल्या ५७ कुटुंबांना तिथून उठून दुसरीकडे जाण्याचा आदेश प्रशासनाने काढला होता. (गावांची नावं वाचूनच ती कुणाची असतील हे आपल्याला कळतं.) या कुटुंबांचं म्हणणं होतं, आम्ही १९६४ मध्ये आसामात आलो, म्हणून आसाम करारानंतर कायद्यात घातलेल्या कलम ६अ प्रमाणे आम्ही नागरिक आहोत. कोर्टाने ते मानलं नाही. कलम ६अ साठी आसामात कायम वास्तव्य हवं, आणि तुम्ही तर आसाम सोडून गेलात. तेव्हा तुम्ही परकीय, असा निष्कर्ष निघाला.

म्हणजे सरकारनेच ज्यांना आसामातून उचलून नेफात नेलं, त्यांचा दावा आसामात न राहिल्यामुळे गेला. कायद्याच्या चौकटीत हे बरोबर असेलही. पण कार्यकर्त्याने यातून एक गोष्ट शिकायला हवी. बाजू न्याय्य असली तरी कलम चुकीचं निवडलं तर खटला बुडतो, आणि तो निकाल पुढे समोरचा पक्ष आपल्याविरुद्ध वापरतो. तसंच झालं.

९ जानेवारी १९९६

नोटिशीची मुदत जवळ येऊ लागली तशी चकमांच्या नागरिकत्व हक्क समितीने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे धाव घेतली. पीयूसीएलने त्याआधीच आयोगाचं लक्ष वेधलं होतं. आयोग तेव्हा अगदी नवा होता, १९९३च्या कायद्याने स्थापन झालेला. आयोगाने राज्याला पत्रं लिहिली, पण समाधानकारक उत्तर मिळेना. आयोगाला आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचे अधिकार नाहीत, हे आपण सगळेच अनुभवाने जाणतो. पण त्या कायद्याच्या कलम १८ मध्ये एक वाट आहे: आयोग स्वतः कोर्टात जाऊ शकतो. आयोग कलम ३२ खाली सुप्रीम कोर्टात गेला. बाबासाहेबांनी संविधानसभेत ज्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटलं, तेच हे कलम.

राज्याचं म्हणणं सरळ होतं. खुदीराम खटल्यात हे लोक परकीय ठरलेत, आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. सरन्यायाधीश अहमदी आणि न्या. सेन यांच्या पीठाने ते फेटाळलं. खुदीराम खटला कलम ६अ वर होता, आता मागणी कलम ५ खाली नोंदणीची आहे, दोन्ही वेगळं, असं कोर्टाने म्हटलं.

या निकालाचे दोन भाग आहेत. जास्त सांगितला जातो तो पहिला. संविधानाचं कलम १४ आणि २१ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. कायद्यापुढे समानता आणि जीवित-स्वातंत्र्याचं संरक्षण भारताच्या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे. कलम १९ मधलं भाषण, संचार, वास्तव्य यांचं स्वातंत्र्य फक्त नागरिकांना आहे. त्यामुळे माणूस परकीय असला तरी त्याला जमावाच्या धमकीने हाकलता येणार नाही, आणि ते थांबवणं हे राज्याचं कर्तव्य आहे. गरज पडली तर निमलष्करी दल बोलवा, पण बळजबरीने बाहेर काढण्याचा प्रयत्न मोडून काढा, असा स्पष्ट आदेश कोर्टाने दिला.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या रोजच्या कामाचा आहे. नागरिकत्व द्यायचं की नाही हे केंद्र सरकार ठरवतं. अर्ज मात्र जिल्ह्याच्या उपायुक्ताकडे द्यावा लागतो, तो चौकशी करून वर पाठवतो. अरुणाचलात उपायुक्त अर्ज वर पाठवतच नव्हते. काही परत केले, काही दाबून ठेवले. वर अर्जच गेला नाही तर केंद्र निर्णय कशावर घेणार? राज्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकारच नव्हता, तरी टपाल अडवून त्याने 'नाही' म्हटलं होतं. कोर्टाने हे नेमकं पकडलं. ज्याला निर्णयाचा अधिकार नाही, त्याने अर्ज अडवून निर्णयाचा अधिकार असलेल्याचे हात बांधायचे नाहीत. आलेला प्रत्येक अर्ज नोंदवहीत घ्या, केंद्राकडे पाठवा, परत केलेले अर्ज मागवून घ्या किंवा नवे घ्या, आणि अर्जावर निर्णय होईपर्यंत नागरिक नाही या कारणाने कुणालाही घरातून काढू नका.

लक्षात घ्या, कोर्टाने नागरिकत्व दिलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. सार्वजनिक कायद्याच्या खटल्यांत कोर्ट बहुतेक वेळा सरकारच्या जागी बसून निर्णय देत नाही. निर्णय कायद्याने, अधिकार असलेल्या माणसाने आणि वेळेत घ्यावा, एवढंच कोर्ट सांगतं. परमादेशाची रिट म्हणजे तेच.

माझ्या कामात मला हे रोज दिसतं. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा निरक्षर, भूमिहीन, गाव सोडून गिरणीत आलेले. कागद कुठून आणायचा? त्यावर कायद्यात चौकशीची तरतूद आहे. पण खिडकीवरचा माणूस अर्जच घेत नाही, "पुरावा आणा मग या" म्हणतो. एका कार्यालयात मी एका मुलीसोबत चार वेळा गेले. पाचव्यांदा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला, तेव्हा कुठे त्याला आवक क्रमांक मिळाला. न घेतलेल्या अर्जाविरुद्ध अपील करता येत नाही, कारण कागदोपत्री तो नाकारलेलाच नसतो.

म्हणून कोर्टात जाण्याआधीची पायरी कधी चुकवू नये. आधी लेखी निवेदन, त्याची पोच, तारीख, मग स्मरणपत्र, मग माहितीच्या अधिकारात अर्जाची सद्यस्थिती. परमादेश मागणाऱ्याने आधी मागणी केली होती आणि ती नाकारली किंवा टाळली गेली, हे कोर्टाला दाखवावं लागतं. मानवी हक्क आयोगाच्या याचिकेला बळ होतं ते वर्षभराच्या पत्रव्यवहाराच्या फाइलमुळे. आणि वकिलाची फी हा अडसर असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत विधी साहाय्य मिळतं. त्याला उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून धर्मांतरित झालेले बौद्धही यात येतात. हे आपल्याच लोकांना फार कमी माहीत आहे.

निकालानंतरची वर्षं

१९९७ साली राज्यसभेच्या याचिका समितीने नागरिकत्वाची शिफारस केली. २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाने पात्र चकमांची नावं मतदारयादीत घेण्याबाबत आदेश दिला. इथे मुद्दा जन्माचा होता. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, आईवडील कोणीही असोत, जन्माने भारतीय नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक नागरिक असावा लागतो आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी आणखी अट आहे. म्हणजे अरुणाचलातल्या चकमांच्या मोठ्या हिश्शाला अर्ज करण्याचीही गरज नाही. ते कायद्याने नागरिक आहेतच. तरी २००४ च्या निवडणुकीपर्यंत सुमारे दीड हजार नावंच यादीत आली.

१९९७-९८ च्या सुमारास भरलेले चार हजारांहून जास्त अर्ज पडून राहिले, म्हणून समिती २००७ मध्ये पुन्हा सुप्रीम कोर्टात गेली. न्या. दवे आणि न्या. गोयल यांनी १७ सप्टेंबर २०१५ रोजी निकाल दिला. पात्र चकमा-हाजोंगांना नागरिकत्व देण्याची प्रक्रिया शक्यतो तीन महिन्यांत पूर्ण करा, आणि ती होईपर्यंत त्यांच्याशी भेदभाव करू नका. हे लोक सरकारने वसवलेले आहेत, त्यांच्याकडे इनर लाइन परमिट मागता येणार नाही, हेही त्यात आलं.

तीन महिने संपले. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी बैठक घेतली आणि जमिनीचे हक्क वगळून नागरिकत्व देण्याचा विचार पुढे आला. त्यावर 'आपसू'ने बंद पुकारला. नागरिकत्वात अर्धं आणि पूर्ण असं काही असतं का, हा प्रश्न दिल्लीत कुणी फारसा विचारला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी चकमा-हाजोंगांना राज्याबाहेर हलवण्याची भाषा केली. जानेवारी २०२२ मध्ये मानवी हक्क आयोगाला पुन्हा गृहमंत्रालय आणि राज्याला पत्र लिहावं लागलं. त्याच वर्षी त्यांचे रहिवासी दाखलेही थांबवले गेले. तो दाखला नसला की मुलाला शिष्यवृत्ती नाही आणि नोकरीचा अर्जही नाही.

दुसरी बाजू

आपल्यापैकी काहीजण हे वाचून 'बौद्धांवर अन्याय' असं पोस्टर बनवतील. थोडं थांबा. २०११ च्या जनगणनेत अरुणाचलची लोकसंख्या १४ लाखांच्या आत होती, त्यात चकमा ४७,४७१. तिथल्या अनेक जमाती काही हजारांच्या आहेत. सिंगफो, खामती हे तर स्वतःच थेरवादी बौद्ध आहेत, आणि चकमांच्या वस्त्या त्यांच्याच भागात आहेत. म्हणजे भांडण धर्माचं नाही, जमिनीचं आणि संख्येचं आहे. आम्हाला न विचारता आमच्या डोंगरात माणसं वसवली, असं तिथल्या जमाती म्हणतात. स्थानिकांशी चर्चा झाली होती असं कोर्टाच्या कागदात आहे, पण तेव्हा नेफात निवडून आलेली विधानसभा नव्हती हेही खरं. त्या लोकांची भीती खोटी नाही. दिल्लीने १९६४ मध्ये एक निर्णय घेतला आणि त्याची किंमत दोन गरीब समाजांनी आपसात वाटून घ्यायची, असा हा प्रकार आहे. माझं मत चकमांच्या बाजूचं आहे, कारण १९६९ नंतर जन्मलेल्या मुलाला जायला दुसरं घरच नाही. पण आदिवासी समाजाला खलनायक करून ही बाजू मांडता येणार नाही.

'बौद्ध' शब्दाचं काय?

आता त्या तरुणांच्या प्रश्नाकडे. २०१९ च्या कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांचा उल्लेख आहे. पण त्याच कायद्यातल्या कलम ६ब नुसार सहाव्या अनुसूचीतले प्रदेश आणि इनर लाइनखालचे प्रदेश वगळले आहेत. अरुणाचल पूर्ण इनर लाइनखाली येतं. म्हणजे भारतात नागरिकत्वासाठी ताटकळणारा बौद्धांचा एक मोठा समूह जिथे राहतो, तिथेच हा कायदा लागू नाही.

तिबेटी बौद्धही त्यात नाहीत, कारण यादीत चीन नाही. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तिथल्या तरुणांना मदत झाली ती धर्माच्या यादीची नाही, कोर्टाच्या निकालांची. कांगड्यात १९८६ मध्ये जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारला गेला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात न्या. मुरलीधर यांनी डिसेंबर २०१० मध्ये निकाल दिला की १९५० ते १९८७ च्या नियमाने त्या जन्माने नागरिक आहेत, आणि स्वतःला तिबेटी म्हटल्याने किंवा नोंदणीपत्र घेतल्याने ते नागरिकत्व जात नाही. तरी एकेकाला पुन्हा कोर्टात जावं लागत होतं. फुंत्सोक वांग्याल खटल्यात २०१६ मध्ये तोच मुद्दा पक्का झाला. २०१७ मध्ये पासपोर्टसाठी तिबेटी वसाहत आणि तिथल्या सवलती सोडण्याची अट आली. हक्क मान्य करायचा आणि दाराशी नवं कुलूप लावायचं, ही पद्धत चकमांनाही ओळखीची आहे.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. परकीय व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा केंद्राचा अधिकार कोर्टाने १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यापासून फार व्यापक मानला आहे. एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच सांगितलं: कलम १४ आणि २१ सर्वांना, पण हद्दपार न होण्याचा हक्क कलम १९ शी जोडलेला, म्हणून फक्त नागरिकांना. ठरलेली प्रक्रिया पाळून पाठवता येईल. भारताने १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही आणि स्वतंत्र निर्वासित कायदाही केलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परकीय व्यक्ती कायदा जाऊन नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट आला, त्यातही 'निर्वासित' ही वेगळी वर्गवारी नाही. १९९६ चा चकमा निकाल आणि २०२१ चा रोहिंग्या आदेश शेजारी ठेवून वाचले तर एकाच कलम २१ ची दोन रूपं दिसतात. माझ्या मते पहिलं रूप संविधानाच्या जास्त जवळचं आहे. रोहिंग्या मुस्लिम आहेत आणि म्यानमारमध्ये त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्यांत बौद्ध म्हणवणारेही होते, म्हणून आपण गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

संविधानसभेत १० ऑगस्ट १९४९ रोजी नागरिकत्वाची कलमं मांडताना बाबासाहेबांनी कबूल केलं होतं की एखादा अपवाद वगळता मसुदा समितीला सर्वाधिक डोकेदुखी याच तरतुदीने दिली. फाळणीत इकडून तिकडे गेलेल्या माणसांना कोणत्या रकान्यात बसवायचं, हा तो पेच होता. चकमा त्याच फाळणीतले. दियूनमध्ये १९९७ साली अर्ज भरला तेव्हा ज्यांचं वय चाळीस होतं, ते आता सत्तरीकडे आलेत. त्यांच्या नातवंडांकडे मतदार ओळखपत्र असलं, तरी रहिवासी दाखल्यासाठी ती त्याच कार्यालयाच्या खिडकीपुढे उभी आहेत.